काळजी करू नका

आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी कुणी सरळ सांगत नाही. कल्याणहून भिवंडीला येताना कोन नाका लागतो, तिथून आत वळलं की खाडीच्या अंगाला आमचं गाव. इथे कुणी गेलं, की लांबच्या नातेवाइकांना निरोप जातो तो असा: ‘जरा बरं नाही. काळजी करू नका. पण निघून या.’ ऐकणारा उलटून एक शब्द विचारत नाही. गॅस बंद करतो, साधे कपडे चढवतो आणि निघतो. लहानपणी मला हे सगळं शुद्ध ढोंग वाटायचं. मी पहिल्यापासून तोंडाळ, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. असं आडून बोलणाऱ्या माणसांचा मला राग यायचा.

बाबा गेले तेव्हा मी डी.एड.ला होते. काका वसतिगृहावर आले आणि म्हणाले, ‘बापाला जरा बरा न्हाय, चल.’ मी तेव्हा नवखी होते. मला ते खरंच वाटलं. वाटेत एसटी स्टँडवर मी बाबांसाठी मोसंबी घेतली, चांगली निवडून, दाबून बघून. काकांनी पिशवी माझ्या हातातून काढून स्वतःकडे घेतली. घराच्या कोपऱ्यावर माणसं उभी दिसली तेव्हा मला कळलं. त्या दिवसापासून ‘जरा बरं नाही’ हे शब्द मला साध्या अर्थाने ऐकूच येईनात.

माझा भाऊ माझ्याहून धाकटा. आमच्या भातशेतीवर गोदामं उभी राहू लागली, गावातली पोरं त्यांच्या गेटवर ड्युटीला बसू लागली, पण याला ते पटेना. ‘गेटवर बसून ट्रक मोजायचे असतील तर म्हातारपनी मोजीन,’ म्हणाला आणि कोर्स करून बोटीवर लागला. आईला ही नोकरी कधीच आवडली नाही. खाडीचं पाणी तिच्या ओळखीचं, पण ज्याचा दुसरा काठ दिसत नाही अशा पाण्यावर तिचा विश्वास नव्हता.

मी एव्हाना लग्न होऊन अंबाडीकडे गेले होते आणि तिथल्याच एका खेड्यात शिक्षिका होते. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्या सुमाराची ही गोष्ट. वरून हुकूम आला, आम्हाला प्रशिक्षण दिलं गेलं आणि आम्ही सगळ्या बाया एका दिवसात इंग्रजीच्या बाई झालो. ‘धिस इज अ मँगो’ म्हणायचं, आंबा दाखवायचा. ‘व्हॉट इज धिस?’ म्हणायचं, पोरं ‘मँगो’ म्हणून ओरडायची. गावात माझा भाव वधारला. येता-जाता लोक औषधाच्या बाटल्या आणि टीव्हीची हमीपत्रं वाचायला आणू लागले. पण खरं सांगायचं तर, ज्याचं उत्तर मला आधीपासून माहीत नाही असा एकही प्रश्न मी इंग्रजीतून कधी कुणाला विचारला नव्हता.

त्या मे महिन्यात मी माहेरी आले होते. सकाळी आई मागच्या दारी पाटावर बसून मच्छी साफ करत होती. फोन वाजला, मी उचलला. मुंबईहून बोटीच्या ऑफिसमधला माणूस होता. मी भावाची कोण, कुठून बोलतेय असं सगळं विचारत, चाचपडत तो म्हणाला, ‘ताई, त्यांना ब्राझीलमध्ये दवाखान्यात ठेवलंय. जरा बरं नाही. काळजी करू नका.’ आणि पुढे म्हणाला, ‘घरात कुणी मोठं पुरुष माणूस आहे का? त्यांना द्या ना फोन.’

ब्राझीलला ‘निघून या’ म्हणता येत नाही म्हणून तेवढं त्याने गाळलं होतं, बाकी सगळा निरोप जसाच्या तसा होता. शेजारून काका आले, त्यांनी फोन घेतला, ‘हां, हां’ करत ऐकलं. त्या माणसाने दवाखान्याचा नंबर दिला. तिकडे आता मध्यरात्र आहे, संध्याकाळी करा, म्हणाला. काकांनी फोन ठेवला आणि आईकडे न बघता सांगितलं, ‘काय न्हाय, वयनी. पोटात दुखतंय त्याच्या. होईल बरा.’

आई म्हणाली, ‘बरा.’ आणि पुन्हा मच्छीकडे वळली.

मी ऑफिसला उलट फोन लावला. तोच माणूस. मी म्हटलं, जे असेल ते स्पष्ट सांगा. तो म्हणाला, ‘ताई, स्पष्टच सांगतोय. घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही मनाची तयारी... म्हणजे तुम्ही शांत राहा.’ तो जितका धीर देत गेला तितकी माझी खात्री होत गेली. माणूस मराठी होता, हीच अडचण होती. आमच्यासारख्याच घरात वाढलेला, आमच्यासारखंच बोलायला शिकलेला. त्याच्या ‘काळजी करू नका’वर आम्ही विश्वास ठेवायचा कसा?

गावात अशी गोष्ट लपत नाही. अर्ध्या तासात ओटीवर माणसं येऊन बसली. कुणी काही विचारत नव्हतं, हेच वाईट. पुरुष मंडळी गोदामांच्या भावाविषयी हळू आवाजात बोलत होती. शेजारची वहिनी मागच्या दारी गेली आणि आईच्या पुढ्यातली साफ केलेली मच्छी गुपचूप भांड्यासकट उचलून घेऊन गेली. सुतकाच्या घरात मच्छी शिजत नाही. आईने हात धुतले आणि आत येऊन भिंतीला टेकून बसली. चूल कुणी पेटवली नाही. दुपारचं जेवण दुसऱ्या घरून आलं आणि कुणीच जेवलं नाही.

दुपारी गणेशपुरीची आत्या आली. तिला काकांनी ‘निघून ये’ सांगितलेलं, ते मला न विचारता. गल्लीच्या तोंडापासूनच तिने गळा काढला. मी धावत जाऊन तिचं तोंड दाबलं. म्हटलं, ‘आत्या, अजून काही नक्की नाही.’ ती म्हणाली, ‘मंग मना बोलावला कनाला?’ मी काकांकडे असं बघितलं की ते उठून मागच्या दारी गेले.

आत्याचं गणेशपुरीत देवळाच्या वाटेवर हार-नारळाचं दुकान. आश्रमात येणाऱ्या देशोदेशीच्या लोकांशी तिचा रोजचा धंदा. दवाखान्यात इंग्रजीतून बोलायचं माझ्यावर आलंय हे कळल्यावर ती डोळे पुसत मला म्हणाली, ‘तू कनाला घाबरतंस? आमचेकडं जर्मन येतान, जपानी येतान. त्यांना तरी कुठं येते विंग्रजी? हालो बोलायचा न् पुढं बोटान दाखवायचा.’ फोनवर बोट कसं दाखवायचं, हे तिने सांगितलं नाही.

मी आतल्या खोलीत बसून वाक्यं जुळवत होते. ‘कुड यू काइंडली इन्फॉर्म मी’ इथपर्यंत ठीक जायचं. पुढे भावाचं नाव, बोटीचं नाव, मग ‘कंडिशन’. जे विचारायचं होतं ते मात्र त्यात कुठेच नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मीसुद्धा इंग्रजीत आडूनच बोलायची तयारी करतेय. स्वतःचाच राग आला.

घरच्या फोनवरून परदेशात लागत नसे. संध्याकाळी कोन नाक्यावरच्या एसटीडी बूथवर जायचं ठरलं. मी निघाले तर आई उठली आणि तिने पदर खोचला. काका म्हणाले, ‘वयनी, तुमी बसा घरी.’ आईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती चप्पल घालून माझ्या पुढे चालू लागली.

बूथ चालवणारे उत्तर प्रदेशातले चाचा होते. कारखान्यांतल्या कामगारांची माणसं सौदीत, दुबईत, त्यामुळे तिथे सतत गर्दी. आम्हाला पाहून त्यांनी रांग बाजूला केली. ‘पहले आप,’ म्हणाले. नंबर स्वतः फिरवला आणि मला सांगितलं, ‘दूर का है. बोल के रुकना. आवाज जा के आती है.’

काचेची केबिन एका माणसापुरती. आई माझ्याबरोबर आत घुसली. दार लागेना म्हणून चाचांनी बाहेरून पंजाने दाबून धरलं. नाक्यावर ट्रकचे हॉर्न चालू होते. आईचा खांदा माझ्या दंडाला चिकटलेला. तिच्या हाताला अजून मच्छीचा वास होता.

पलीकडे कुणी बाई बोलली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. मी म्हटलं, ‘इंग्लिश? इंग्लिश?’ तिने काहीतरी म्हटलं आणि रिसीव्हर बाजूला ठेवल्याचा आवाज आला. पुढे नुसती शांतता. फोन कट झाला असं वाटून मी ठेवणार, तेवढ्यात दुसरा आवाज आला. तरुण, धापा टाकणारा, जणू जिना चढून आली होती.

‘हॅलो. आय नर्स. आय इंग्लिश लिट्ल.’

मी माझं जुळवलेलं वाक्य सुरू केलं. कुड यू काइंडली पासून कंडिशनपर्यंत, एका दमात. आवाज गेला, आला. ती म्हणाली, ‘सॉरी. प्लीज. स्मॉल. स्मॉल, स्मॉल.’

वर्गात माझ्यासमोर एखादं पोर असं हतबल होऊन बघायचं, तेव्हा मी त्याला काय सांगायचे? एक-एक शब्द बोल. मी म्हटलं, ‘माय ब्रदर. इंडिया. शिप.’

‘आ! शिप! येस, येस, येस!’ ती एकदम खुलली. आणि मग म्हणाली, ‘डोन्ट वरी.’

सातासमुद्रापलीकडची बाई, भाषा वेगळी, देश वेगळा, आणि तीही तेच म्हणते. मला वाटलं, संपलं. सगळ्या जगात हे असंच सांगतात तर.

आणि मग मी विचारलं. कसं विचारलं, कुठून बळ आलं, ठाऊक नाही. मराठीत ते वाक्य माझ्या जिभेवर आलं नसतं. आलं असतं तर मीच ते परत गिळलं असतं. आई अंगाला चिकटून उभी असताना तर नाहीच नाही. पण ती भाषा माझी नव्हती, आईला येत नव्हती आणि त्या पलीकडच्या मुलीचीही नव्हती. मी फळ्यावरचं वाचावं तसं सरळ आवाजात म्हटलं, ‘इज ही डेड?’

आवाज गेला. समुद्रावरून कुठूनतरी वळून तिकडे पोचला असेल. मी थांबले. चाचांचा पंजा काचेवर पसरलेला दिसत होता.

‘डेड?’ ती जवळजवळ ओरडलीच. ‘नो! नो डेड! व्हाय डेड?’

व्हाय डेड! आमच्याकडे ‘काळजी करू नका’ कधी म्हणतात, हे मी तिला कोणत्या इंग्रजीत सांगणार होते? मी नुसतं ‘सॉरी, सॉरी’ म्हणत राहिले. ती मात्र चिडली होती. तिच्या पेशंटला मी मारायला निघाले होते ना. एकेक शब्द आपटत ती सांगू लागली. ‘ॲपेंडिक्स. ऑपरेशन. फिनिश. गुड. ही वॉक, यस्टरडे. ही टॉक. टू मच टॉक.’ मग जरा निवळून म्हणाली, ‘आय गिव्ह सूप. ही नो लाइक सूप. ही से राइस. एव्हरी डे. राइस, राइस, राइस.’

मला हसू फुटलं आणि ते थांबेना. पंचतारांकित लग्नात नेलं तरी ‘भात कुठाय’ विचारणारा माणूस जगात एकच होता, आणि तो जिवंत होता. तारेच्या दोन्ही टोकांना इंग्रजीचा मालक कुठेच नव्हता. एक कोन नाक्यावर उभी, दुसरी ब्राझीलच्या कुठल्याशा बंदरात, दोघींकडे मिळून शब्द असतील पसाभर. पण त्या पसाभर शब्दांत आडपडदा धरायला जागाच नव्हती. जेवतो म्हणजे जेवतो. चालतो म्हणजे चालतो.

मी आईकडे वळून म्हटलं, ‘बरा आहे गं. ऑपरेशन झालंय. भात मागतोय.’

आईने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. दोन्ही हातांनी धरला आणि आमच्या बोलीत मोठ्याने म्हणाली, ‘बाय, त्याला भाताचे वर पातल आमटी दे. तिखाट न्हाय. कलला ना?’ पलीकडून काय आलं देव जाणे, पण आई मान डोलवत, ‘हां, हां, देव तुजा बरा करो,’ म्हणून फोन मला देऊन बाहेर पडली. मी उद्या याच वेळी पुन्हा करते, तो फोनपाशी येईल का, एवढं विचारून घेतलं. ‘टुमॉरो, आय ब्रिंग,’ ती म्हणाली, आणि तिने आणलं. दुसऱ्या दिवशी भावाचा पहिला शब्द होता, ‘ताई, मी मेलो क काय असा विचारलास तू?’

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा ओटी भरलेली होती. आम्ही हसत येतोय हे बघून लोकांना आधी काही सुचेना. दुःखात माणूस वेडं होतं असंच वाटलं असणार. मग काकांनी सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि एकच कालवा झाला. आत्या आता खरी रडली, कारण दुपारपासून रडू अडवून धरलं होतं. वर मला म्हणाली, ‘बोल्ली नव्हती मी? हालो बोलला क झाला!’

आई तडक शेजारी गेली. आम्हाला घरात ऐकू आलं, ‘माजी मच्छी दे.’ वहिनीने ती दुपारीच कालवणात घातली होती आणि तिच्या पोरांनी अर्धी संपवलीही होती. बिचारी शरमेने लाल झाली. जे उरलं होतं ते टोपासकट आईने आणलं. चूल पेटली. सुतकाला आलेल्या माणसांना आईने भात आणि मच्छीचं कालवण वाढलं, प्रत्येकाच्या वाट्याला तुकडा नाही तर रस्सा तरी. पुरुष मंडळींचे आवाज एकदम मोठे झाले. त्या दिवसाइतकं जेवण मला पुन्हा कधी गोड लागलं नाही.

काकांनी मुंबईच्या माणसाला फोन करून झाडलं. ‘सरळ सांगायला काय झाला होता?’ तो बिचारा रडकुंडीला आला. ‘अहो, सरळच सांगत होतो! आम्ही बरं नाही म्हणालो, ते खरंच बरं नव्हतं!’ काकांनी ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवला, आणि ओटीवर सगळे पोट धरून हसले. मीही हसले. ज्या बोलण्याचा मला आयुष्यभर राग होता, त्याने आम्हा सगळ्यांनाच कसं बांधून ठेवलंय, ते मला त्या दिवशी समजलं. खरं बोलणाऱ्यालाही त्यातून सुटका नव्हती.

माणसं पांगली. मी आणि आई मागच्या दारी भांडी घासत बसलो. अंधार पडला होता. खाडीकडून वारा सुटला होता. आई राखेने टोप घासता घासता सहज म्हणाली, ‘तू तिला डेड विचारलास.’

मी म्हटलं, ‘तुला कळलं?’

‘डेड मना न्हाय कलनार? तुज्या बापाला सरकारी दवाखान्यातून आनला तवा वॉर्डबॉय काय बोलत होते? डेडबॉडी कोनाची, डेडबॉडी कोनाची.’

त्या केबिनमध्ये मी ज्याच्या भरवशावर तो प्रश्न विचारला होता, ते सगळं खोटंच होतं. उत्तर यायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ ती माझ्या शेजारी सगळं समजून उभी होती. हूं की चूं केलं नव्हतं. मी म्हटलं, ‘आई, मला वाटलं तुला समजणार नाही. म्हणून विचारलं गं.’

‘बरा केलास. मना विचारवला नसता.’

तिने टोप पाण्याखाली धरला, आतून हात फिरवून बघितला आणि पालथा घातला.

‘ती येस बोल्ली असती,’ आई म्हणाली, ‘त मना समजलाच न्हाय असा मी दाखवला असता. घरी येईपरत. तुला जरा येल भेटला असता, मना कसा सांगायचा त्याला.’